बंदर भरलंय

आधी हिरे खर्चू नकोस, नीलाक्षी.
पहिल्या दिवशी गेम नव्या सुनेचं कौतुक करावं तसं करतो.
ओंजळभर हिरे, दहा सोडती फुकट,
पडद्यावर सोनेरी उजेड,
आणि तुला वाटतं, आपलं नशीब इथंच उघडायचं होतं.
मलाही वाटलं होतं.
तीन वर्षं झाली त्याला.

हिरे गोदी वाढवायला ठेव.
जहाजं येतात गं, जागा येत नाही.
एक दिवस ऐन लढाईआधी पाटी झळकते, 'बंदर भरलंय',
मग घाईघाईत कुणाला मोडीत काढायचं ते सुचत नाही.

सुरुवातीला तीन होड्यांतली एक निवड म्हणतील.
कुठलीही घे.
मी टिटवी घेतली. करडी, दोन तोफा,
त्यातली एक शोभेची.
जाणकारांच्या यादीत ती तळाशी असते.
पण तेल कमी पिते, पटकन दुरुस्त होते.
सहाच्या सहा सोनेरी काढल्यास तर
दुसऱ्या लढाईतच टाकी कोरडी.
महेश्वरी नेसून कुणी ड्रम भरतं का?

आमच्या सुदामानगरात नर्मदा एक दिवसाआड येते,
पहाटे पावणेसहाला.
मी नळाला पाइप लावते, ताफा मोहिमेवर धाडते.
साडेसातला पाणी जातं, ताफा परततो:
थोडं तेल, चार पाट्या लोखंड,
कधीमधी एक हिरा.
एवढंच?
एवढंच. पण रोज.
ज्या दिवशी पाणी येत नाही त्या दिवशीही.

आणि भिशी आठव.
गल्लीत वीस बायका.
कानिटकरबाईंची चिठ्ठी तीन वर्षं पहिल्याच महिन्यात,
माझी कायम विसाव्यात.
विसाव्यात मात्र निघायचीच,
डब्यात दुसरी उरलेलीच नसायची.
इथंही तसंच. दोनशेव्या सोडतीला
हवं ते जहाज देतातच.
म्हणून दोनशेंची सोय असेल तरच नव्या जहाजामागे लाग.
एकशे साठाव्याला हिरे संपलेल्या माणसाइतकं
गरीब कुणी नसतं.

पैसे?
एकदाच भरले. चौदाशे नव्व्याण्णव.
एमवायच्या तिसऱ्या मजल्यावर, रात्री अडीचला,
दादा आत होता आणि बाहेरचा बाक गार होता.
मी मनात म्हटलं, ही निघाली तर तेही होईल.
रणचंडी निघाली. पहिल्याच सोडतीत.
सबंध कॉरिडॉर पिवळा झाला,
समोरच्या बाकावरची म्हातारी दचकून उठली.
पहाटे डॉक्टर बाहेर आले
तेव्हा मी फोन पालथा ठेवला.

रणचंडी अजून पहिल्याच पायरीवर आहे.
वाढवली नाही, मोडलीही नाही.
तेव्हापासून दोन ठिकाणी एकदम
नशीब मागत नाही मी.

टिटवी एकशेवीसवर आहे. त्याच्यापुढे पायरीच नाही.
तरी तिला रोज एक फेरी मारून आणते,
उगीच.
सिरपूरच्या तळ्यावर खऱ्या टिटव्या असतात ना,
काठाकाठानं धावतात, कुणी आलं की ओरडतात,
पाण्यात मात्र फारशा जात नाहीत.

समुद्र? नाही पाहिला.
आपल्याकडे यशवंत सागरालाच सागर म्हणायचं
आणि पुढं जायचं.

तू घाई करू नकोस.
पहिला महिना नुसतं तेल साठव,
हरलीस तर बघ कोण आधी बुडतं,
त्याला चिलखत दे, तोफ नंतर.
महिन्याभरानं कंटाळा येईल.
खेळ खरा तिथून सुरू होतो,
किंवा सुटतो. सुटला तरी वाईट नाही.

हं, सेंट्रिफ्यूज थांबलं बघ.
चौदा नंबरची नळी आधी काढ,
ते काका उपाशीपोटी बसलेत सकाळपासून.

आणि ऐक,
पहिल्या होडीला कुलूप लावून ठेव.
कोपऱ्यात छोटी खूण असते, ती दाब.
मोडीत काढताना
चुकून तीच जाते सगळ्यांची.